आबांची सुई आणि माझी पाच मिनिटं

मी कोल्हापुरात हरवलो यात कोल्हापूरचा काहीएक दोष नाही. मी नाशिकला माझ्या स्वतःच्या कॉलनीतही हरवतो. सगळ्या गल्ल्या सारख्या, सगळ्या फाटकांचा रंग चॉकलेटी, त्याला मी काय करू? बायको भाजीला पाठवताना "डावीकडे वळायचं" असं सांगत नाही, हाताने वळवूनच सोडते. पण हरवायचं तर माणसाने गुमान हरवावं. मी हरवतो तेव्हा वर फोनवर लोकांना आश्वासनं देत असतो. खरा घोळ तिथेच होतो.

कोल्हापूरला मी ऑफिसच्या कामासाठी एकटाच गेलो होतो. काम सकाळीच उरकलं. माझा ऑफिसातला जुना मित्र मूळचा तिथला. त्याचे वडील, म्हणजे आबा, मंगळवार पेठेत राहतात. सोबत थोरली सून असते. आबांनी मित्रामार्फत निरोप धाडला होता की पाहुणा गावात येऊन लॉजवर जेवला तर पुन्हा तोंड दाखवू नका. पाहुण्याला म्हणाले की मुलाला, ते अजून कळलेलं नाही. मित्राने मात्र एक गोष्ट तीन-तीनदा बजावली होती. "आबांना साखर आहे. जेवणाआधी इन्सुलिनची सुई घेतात. सुई घेतली की अर्ध्या तासात पोटात काहीतरी गेलंच पाहिजे. आणि पाहुणा ताटावर बसल्याशिवाय ते घास मोडत नाहीत. तेव्हा वेळेवर जा."

"अरे, मी काय लहान आहे का?" असं मी म्हणालो होतो.

स्टँडजवळून रिक्षा केली. रिक्षावाल्याने विचारलं, "कुठं जायचं?"

"मंगळवार पेठेत."

"मंगळवार पेठेत कुठं?"

"मंगळवार पेठेतच."

त्याने मान वळवून मला नीट पाहिलं. "अवो पावणं, मंगळवार पेठ म्हंजे काय पानाची टपरी हाय व्हय, दारात नेऊन सोडायला? तालीम कुठली?"

आता तालमीचा आणि माझा संबंध माझ्या शरीरयष्टीवरून कुणालाही कळावा. मी म्हणालो, "तालमीत नाही जायचं, जेवायला जायचंय." पुढे कळलं, तिथे पत्ता तालमीवरून सांगतात. प्रत्येक गल्लीला आपली तालीम, आपलं मंडळ. घर कुठल्या तालमीच्या अंगाला आहे हे सांगितलं की आंधळासुद्धा पोचतो. माझ्याकडे मात्र मित्राने पाठवलेला शुद्ध सरकारी पत्ता होता. आबांचं बापाच्या नावासकट पूर्ण नाव, वॉर्ड आणि सिटी सर्व्हे नंबर. रिक्षावाल्याने तो वाचला, फोन परत दिला आणि एका चौकात मला उतरवून "हितनं इचारत जावा" म्हणून निघून गेला.

तेवढ्यात वहिनींचा, म्हणजे त्या सुनेचा, फोन आला. "कुठं आलासा?"

मी चौकात उभा होतो. चारही बाजूंना रस्ते होते आणि चारही मला सारखेच परके होते. तरी माझ्या तोंडून आपोआप निघालं, "आलोच. पाच मिनिटं."

हे वाक्य मी विचार करून बोलत नाही. शिंक येते तसं ते येतं. आंघोळीला जाताना, घरातून निघताना, निघालो नसतानाही मी पाच मिनिटांवर असतो. आमच्याकडे त्याचा अर्थ सगळ्यांना ठाऊक आहे. आबांना नव्हता. पलीकडून खणखणीत आवाज ऐकू आला, "आलं न्हवं? आण की गं ती सुई."

आणि फोन बंद झाला. सुई म्हणजे अर्धा तास. पण म्हटलं, नकाशा आहे की. नकाशावरची निळी टिकली भराभरा चालू लागली, तिच्यामागून मी. दोन वळणांनंतर टिकली एका घराच्या आत शिरली, पलीकडच्या गल्लीत निघाली आणि तिथे फिरत राहिली. मला काही घरातून आरपार जाता येईना.

एका कट्ट्यावर तिघं गप्पा मारत बसले होते. मी बुशशर्ट पँटीत खोचलेला, गळ्यात ऑफिसची बॅग, हातात फोन. तो डोळ्यांसमोर धरून मी आबांचं पूर्ण नाव, बापाच्या नावासकट, पट्टेवाल्याने कोर्टात पुकारावं तसं वाचून दाखवलं. पाठोपाठ सिटी सर्व्हे नंबर.

गप्पा थांबल्या.

"कशाला पायजेत?" एकाने विचारलं.

आता इथे "जेवायला" एवढं एक सांगायचं. पण भर रस्त्यात तीन अनोळखी माणसांना आपलं जेवण का सांगा? मी मोठ्या रुबाबात म्हणालो, "जरा काम आहे."

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग मधल्याने अतिशय आपुलकीने हात लांब केला. "त्ये व्हय? हितं न्हाईत ते. सरळ जावा, शेवटाला उजवीकडं, मग चढ लागतोय, चढावर कुणालाबी इचारा."

मी सरळ गेलो, उजवीकडे वळलो, चढ चढलो. चढावर विचारलं तर तिथल्या किराणावाल्याने मला परत उतारावर धाडलं. उतारावरच्या इस्त्रीवाल्याने "असं कोण न्हाय पेठंत" म्हणून कपड्यावर पाणी शिंपडलं. मी घामाने भिजलो, चिडलो, आणि चिडलेला माणूस करतो तेच केलं. पुरावे गोळा करायला लागलो. वहिनींना दाखवावं म्हणून समोरच्या घरांचे, पायऱ्यांचे, दारावरच्या पाट्यांचे फोटो काढत सुटलो. एक दार माझ्या तोंडावर आपटलं. वरच्या मजल्यावरून कुणीतरी ओरडलं, "फोटू कुणाला इचारून काढाय लागलाईस रं?" "रं" ऐकल्यावर मी फोन खिशात घातला आणि पहिल्या दिसलेल्या बोळात शिरलो.

बोळ अरुंद होता. टोकाला गोठा, गोठ्यात एक म्हैस, आणि म्हशीशेजारी एक बाई दुधाच्या किटल्या घासत बसलेली. नकाशा म्हणत होता, आपण पोचलात. समोर एका घराची मागची भिंत, तिला वर एक गजांची खिडकी. दार नाही, जिना नाही, काही नाही. मी त्या बाईंनाही नाव वाचून दाखवलं. त्यांनी किटलीतून मान वर न काढता सांगितलं, "गावाला गेल्यात ती सगळी."

"अहो, मी आत्ता बोललो त्यांच्याशी!"

"मग त्यास्नीच इचारा."

तितक्यात फोन वाजला. वहिनींच्या आवाजातला पाहुणचार संपला होता. "दादा, कुठं हाय तुम्ही? आबांना घाम सुटलाय. हात कापाय लागल्यात. गूळ दिला, घेत न्हाईत. दूध दिलं, घेत न्हाईत. पावणं येऊ दे म्हणत्यात."

"त्यांना फोन द्या," मी म्हणालो. फोन दिला गेला. "आबा, तुम्ही खाऊन घ्या. माझं थांबू नका. मला अजून..."

"असं कसं?" आवाज मघासारखा खणखणीत नव्हता. त्यात एक कापरी कड आली होती. "पावणं रस्त्यात उपाशी, आन मी ताटावर? पाच मिन्टं म्हणालासा न्हवं? मग या की. थांबतो मी."

मी फोनवर सहज बोललेली पाच मिनिटं एक म्हातारा माणूस पाट मांडून, घाम पुसत, प्रामाणिकपणे मोजत बसला होता. पुन्हा वहिनी फोनवर आल्या. "तुमच्या म्होरं काय दिसतंय ते सांगा. कायबी सांगा."

"म्हैस आहे."

"कुठली म्हैस?"

"काळी."

"दादा, म्हशी काळ्याच असत्यात!" मग त्या ओरडल्याच, "तिथं कोण माणूस हाय का? त्याला फोन द्या. आधी द्या!"

एवढं साधं मला इतका वेळ सुचलं नव्हतं, याची नोंद इथे करून ठेवतो. मी फोन त्या बाईंपुढे धरला. त्यांनी ओला हात पदराला पुसून तो नाइलाजाने कानाला लावला आणि पुढच्याच क्षणाला उभ्या राहिल्या.

"अगं तू व्हय! ...ह्यो तुमचा पावणा? मग मेल्याला सांगाय काय झालं, आबांच्यात जेवाय आलोय म्हणून? सगळ्या गल्लीला वाटलं रस्तारुंदीचा मोजणीवाला आलाय! परवाच कोण पायऱ्यांवर लाल खुणा करून गेलंय, आन ह्यो नंबर वाचत फोटू काढत हिंडतोय... व्हय व्हय, पाठीमागंच हाय. माझ्या गोठ्यात उभा हाय."

म्हणजे आबा कुठे राहतात ते सगळ्या पेठेला पाठ होतं. मला कुणी वाट चुकवत नव्हतं. अख्खी गल्ली माझ्यापासून आबांची पायरी वाचवत होती.

"ही बगा, हीच खिडकी त्यांची," बाई म्हणाल्या. "पुढच्या दारात जायला भला मोठा वळसा पडतोय. आन तुम्हांला काय जमायचं न्हाय त्ये. चढा हिच्यावर." त्यांनी पेंडीचं रिकामं पिंप भिंतीशी पालथं घातलं.

मी चढलो. पिंप डुगडुगलं, म्हशीने नापसंतीने फुस्स केलं. गजांना धरून आत डोकावलो. ते स्वयंपाकघर होतं. पाटावर आबा बसलेले, पांढरे केस घामाने कपाळाला चिकटलेले, समोर वाढलेलं ताट, आणि शेजारी दुसरा पाट माझ्यासाठी रिकामा. वहिनी गुळाचा खडा हातात धरून उभ्या.

"आबा, आलो!" मी ओरडलो.

आबांनी दाराकडे पाहिलं, मग छताकडे, मग खिडकीकडे. "तिथं काय कराय लागलाईसा?"

"रस्ता चुकलो."

"आवो, दारातनं या की."

"आबा, मी आलोय ना? पाहुणा घरी पोचला. आता गूळ खा."

त्यांनी थरथरत मान हलवली. "तुम्ही खाल्ल्याबिगर न्हाय."

वहिनींनी एक क्षण घालवला नाही. माझं ताट उचलून खिडकीशी आल्या. ताट गजांतून जाईना. आडवं, उभं, तिरकं, कसंच जाईना. शेवटी त्यांनी भाकरीची चतकोर घडी करून माझ्या हातात कोंबली आणि मागोमाग पांढऱ्या रश्श्याची वाटी गजांमधून सरकवली. अर्धी माझ्या बाहीवर सांडली. मी पिंपावर तोल सांभाळत भाकरी रश्श्यात बुडवली आणि आबांना दिसेल असा, तोंड उघडं ठेवून, भला मोठा घास घेतला.

"खाल्ला!" खालून ती बाई ओरडली. खाली वळून पाहिलं तर बोळात कट्ट्यावरचे ते तिघं आणि इस्त्रीवाला, सगळे मान वर करून माझं जेवण पाहत उभे. "आबा, खाल्ला बगा पावण्यानं! आता तुम्ही घ्या!"

आबांनी गूळ तोंडात टाकला. वर दूध घेतलं. मग भाकरी मोडली. मी गजाला धरून त्यांच्या हाताकडे बघत राहिलो. पहिला घास कापतच तोंडाशी गेला. चौथ्या-पाचव्याला हात बराच स्थिर झाला. वहिनींनी त्यांच्या कपाळाचा घाम पदराने टिपला आणि मग माझ्याकडे जे पाहिलं, ते इथे न लिहिलेलं बरं.

"मीठ बरं हाय का?" आबांनी आतून विचारलं. आवाजातली ती कापरी कड गेली होती.

"फक्कड आहे," मी म्हणालो.

"मग आता पुढनं या. तांबडा न्हाय घेतला अजून तुम्ही. मटन तसंच हाय."

"कसं यायचं?" मी विचारलं, आणि खालून पाचही जणांनी एकाच वेळी पाच रस्ते सांगायला सुरुवात केली.

वहिनी खिडकीशी आल्या. "कुणाचं ऐकू नका. हलू नका. फोन खिशातच ठेवा. मी येते न्यायला."

"किती वेळ लागेल?" मी विचारलं.

त्यांनी पायात चप्पल सरकवली आणि म्हणाल्या, "लागंल तेवढा."

मी पिंपावर, रिकामी वाटी हातात घेऊन, अजिबात न हलता उभा राहिलो.