कल्याणच्या खाडीवरचा रिकामा किनारा

ठाण्याहून कल्याणला जायला मी बस धरली. गुडघ्यांमुळे स्टेशनचे जिने चढवत नाहीत, हे एक कारण. दुसरं असं, की मला लवकर पोहोचायचं नव्हतं. शीळफाट्यावर बस मेट्रोच्या खांबांमध्ये अडकली, ती हलेचना. मी घड्याळ पाहिलं, तसा कंडक्टर म्हणाला, "काका, चालत सुटा. आमच्या आधी पोचाल."

उल्हास नदी कल्याणला येते तिथे तिच्यात भरतीचं खारं पाणी चढतं, म्हणून सगळे तिला खाडीच म्हणतात. या खाडीकाठाचं सुशोभीकरण ठरलं, तेव्हा पहिली पाहणी मी केली होती. मोजणी करणाऱ्या एका खासगी कंपनीत मी नोकरीला होतो. तो किनारा आता लोकांसाठी खुला झाला आहे. तो बघायला जातो असं मी घरी सांगितलं. जायचं होतं धर्मा कोळ्याच्या घरी.

किनारा देखणा झाला आहे, हे मान्य करायला हवं. फरसबंदी रस्ता, नक्षीचे दिवे, पाण्याकडे तोंड करून बाक. मधोमध फायबरची होडी, तिच्यात टोपली घेतलेली फायबरची कोळीण. मुलं तिच्या गळ्यात हात टाकून फोटो काढत होती. वडापाव खाऊन मी एका बाकावर टेकलो. बाकाचा रंग ओला होता.

"काका, बोर्ड दिसला नाय काय?" सुरक्षारक्षक हसत म्हणाला.

बोर्ड दोन होते. एक रंगाचा. दुसऱ्यावर लिहिलं होतं, 'येथे जाळी व मासळी सुकवण्यास मनाई आहे.'

याच जागी कोळ्यांच्या होड्या लागत आणि जाळी वाळत. पण रोज नाही. उधाणाला (अमावस्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीला) पाण्याला ओढ असते, तेव्हा सगळे डोल जाळी (प्रवाहात लावायची पिशवीसारखी जाळी) घेऊन बाहेर पडतात. भांगाला (अष्टमीच्या आसपास, भरती मंद असताना) होड्या काठावर येतात, जाळी पसरतात, फाटलेलं विणतात. आमच्या साहेबांना काठ मोकळा दिसायला हवा होता. मी उधाणाचा दिवस निवडला, फोटो काढले आणि 'वापरात नसलेली जागा' असा अहवाल दिला. कोळी तक्रार घेऊन पालिकेत गेले, तेव्हा त्यांना तेच फोटो दाखवले गेले.

मग वस्तीत प्रश्न उठला, की यांना नेमका दिवस सांगितला कुणी? पाहणीच्या आदल्या दिवशी मी धर्माच्या ओट्यावर चहा प्यायलो होतो. तो वस्तीतला वडीलधारा. संशय त्याच्यावर गेला. आमच्या शिपायाने हे मला सांगितलं होतं. मी गप्प बसलो. लोक आपसात भांडत राहिले, ते आम्हाला सोयीचंच होतं.

वस्ती किनाऱ्याच्या मागेच आहे. दार धर्माच्या बायकोने, हिराबाईने उघडलं.

"धर्मा आहेत का?"

"हाय ना. फोटोत." तिने भिंतीकडे बोट केलं. "शिमग्याला गेला. तुमी कोन?"

मी सांगितलं. उभ्यानेच सगळं सांगितलं.

"म्हंजे त्याने दिवस सांगितला नव्हता?"

"नाही. कुणीच सांगितला नाही. मी ठाण्याच्या खाडीजवळ वाढलो. उधाण-भांग मला ठाऊक होतं."

ती खाली बसली. "नारली पुनवेला त्याला नारल सोडू देत नव्हते. घरी येऊन बोलायचा, हिरे, मी नाय सांगितला. मी बोलायची, आता तरी खरा बोल." तिने फोटोकडे पाहिलं. "मरेपरत बोलले त्याला."

ती उठली, पायांत चपला सरकवल्या. "चला. पांडू जिता हाय अजून."

पांडू धर्माचा होडीतला भागीदार. संशय येताच त्यानेच होडी वेगळी केली होती. किनाऱ्याच्या कठड्यापलीकडे, चिखलाच्या उरलेल्या पट्टीवर तो जाळं विणत बसला होता. मी जवळ जाऊन हळूच सांगितलं.

"काय बोलतो ह्यो?" त्याने हिराबाईला विचारलं.

"त्याला कमी ऐकू येतं," ती मला म्हणाली. "जोरात बोला."

मी जोरात बोललो. तरी त्याने कानाला हात लावला. शेवटी मी ओरडलो, "धर्माने सांगितलं नव्हतं! मला माहीत होतं! मीच मुद्दाम त्या दिवशी आलो!" फरसबंदीवर फिरणारे लोक थांबून खाली पाहू लागले.

पांडूचे हात थांबले. तो म्हणाला, "तवा तोंडाला काय झालेलं तुझ्या?"

त्याने बाजूचं जाळं ओढून घेतलं आणि जागा केली. "बस, वयनी."

मी वर येऊन वळून पाहिलं. हिराबाई अजून उभीच होती.

परतीच्या बसमध्ये मला बसायला जागा मिळाली. बोलून टाकलं की हलकं वाटेल, अशी माझी समजूत होती. घरी सुनेने विचारलं, "बाबा, कसा झालाय किनारा?" चांगला झालाय, म्हणालो. मग तिला बसवून पहिल्यापासून सांगितलं आणि आता तुम्हालाही सांगतो आहे. धर्मा खरं बोलत होता. ही गोष्ट आता कल्याणात बऱ्याच जणांना कळेल. पण जिच्या तोंडून त्याला ती ऐकायची होती, त्या हिराबाईला ती त्याच्या फोटोसमोर कळली.