न बोलायचा फोन

माळ्यावर रिकामी खोकी साठतात तसे किस्सेही साठतात. टाकवत नाहीत, आणि कुणी घरी आलं की एखादं आपोआप खाली घरंगळतं. आमच्या माळ्यावर दोन्हींची गर्दी आहे. खोकी टेलिफोनची आणि किस्सेही टेलिफोनचेच, कारण नव्वदच्या दशकात सांगलीत मार्केट यार्डाजवळ आमचं फोनची इन्स्ट्रुमेंट्स विकायचं दुकान होतं.

त्या सुमाराला गावातलं एक्स्चेंज इलेक्ट्रॉनिक झालं. बोट घालून फिरवायच्या डायलचे ते काळे, जड फोन जायला लागले आणि आपल्याला हवा तो फोन बाजारातून आणून लावायची मुभा मिळाली. सरकारने दिला तो फोन मुकाट्याने वापरणाऱ्या माणसांना एकदम निवड करायला सांगितलं! लोक मुलीसाठी स्थळ बघावं तसे फोन बघायला यायचे. चौघं जण यायची, चहा घ्यायची, आणि "घरी विचारून कळवतो" म्हणून निघून जायची.

आमचे हे मागे दुरुस्तीला बसायचे आणि मी काउंटरला. ह्यांना फोनच्या आतलं सगळं कळायचं, फक्त गिऱ्हाइकाच्या आतलं कळायचं नाही. ते खातं माझ्याकडे होतं.

* * *

आमचं निम्मं गिऱ्हाईक हळदीच्या व्यापाऱ्यांचं. आता हळदीचा भाव ही काही चारचौघांत बोलायची गोष्ट नव्हती. जुन्या व्यापाऱ्यांचा सौदा टॉवेलाखाली व्हायचा. दोघांनी टॉवेलाखाली हात घालायचे आणि तोंडाने काही न बोलता एकमेकांची बोटं दाबून भाव सांगायचा. जमलं नाही तर हात सोडायचा, आणि जमलं तर अख्खा पंजा घट्ट धरायचा. बघणाऱ्याला दोन माणसं आणि एक टॉवेल, एवढंच दिसायचं.

अशा माणसांना फोनवर भाव सांगायची वेळ आली की ते आधी पेढी रिकामी करायचे. हिशेब लिहिणारा मेहता बाहेर, हमाल बाहेर, चहावालाही बाहेर. मग दार ओढून घ्यायचं, आणि लाइनला खरखर असल्यामुळे आतून असं ओरडायचं की बाहेर काढलेल्या सगळ्यांना नीट ऐकू यावं. एक शेटजी तावातावाने आमच्याकडे आले.

"फोन बदलून द्या. ह्यातनं माझा भाव फुटतोय."

हे मागून म्हणाले, "फोनातून नाही हो, खिडकीतून."

* * *

शेजारच्या पेढीवरच्या तात्यांची अडचण मात्र वेगळी होती. पहिल्याच दिवशी ते स्टुलावर बसले, खांद्यावरच्या टॉवेलाने तोंड पुसलं आणि म्हणाले, "वहिनी, बोलावं लागणार न्हाई असा फोन दावा."

मी म्हटलं, "तात्या, त्याला पेपरवेट म्हणतात."

पण तात्या हसले नाहीत. कारण अख्ख्या यार्डाला माहीत होतं. बाबूराव हे त्यांचे लहानपणापासूनचे दोस्त आणि त्यांच्या हळदीचे सगळ्यात जुने गिऱ्हाईक. एकदा नाटकाला बाबूरावांनी शेजारच्या खुर्चीवर टॉवेल टाकून तात्यांसाठी जागा धरली होती. पहिला अंक संपत आला तरी तात्यांचा पत्ता नाही. शेवटी एक पाहुणे ताटकळत उभे होते, त्यांची दया येऊन बाबूरावांनी टॉवेल उचलला. तेवढ्यात तात्या आले, खुर्चीतला पाहुणा बघितला आणि आल्या पावली परत फिरले. तिथून जो अबोला धरला, तो कित्येक वर्षं चालला.

सौदा मात्र कधी थांबला नाही. टॉवेलाखाली बोलावं लागतंच कुठे? एकाचं तोंड पूर्वेला, एकाचं पश्चिमेला, आणि हात मात्र रोज हातात! मला तर हे भांडण फार आवडायचं.

मग बाबूरावांचे गुडघे गेले आणि मुलगा त्यांना साताऱ्याला घेऊन गेला. खरेदी त्यांना चालू ठेवायची होती, पण आता ती फोनवर करावी लागणार होती. फोनवर आधी जो बोलेल तो हरला. दोघंही हरणाऱ्यातले नव्हते.

मी म्हटलं, "एक गिऱ्हाईक गेलं तर तुम्हाला काय फरक पडणार आहे, तात्या?"

"गिऱ्हाईक ढीगभर हाईत वो," तात्या म्हणाले. "पर सौदा तुटला की माणूस बी गेलाच की."

त्या दिवसापासून ते रोज येऊन स्टुलावर बसायला लागले. स्वतः काही घ्यायचे नाहीत, दुसऱ्यांची खरेदी बघायचे.

* * *

एक आजी मुलाला आणि दोन सुनांना घेऊन आल्या. पिशवीतून त्यांनी क्रोशाचं कव्हर काढलं. पांढरं, वर हिरवा मोर, कडेने झालर. फोन यायच्या आधीच विणून तयार होतं.

"ह्याच्यात बसंल असा दावा," आजी म्हणाल्या.

मी एकेक फोन काढला आणि त्यांनी एकेका फोनवर कव्हर चढवून बघितलं. कुठे मोराची मान मुरगळायची, कुठे झालर बटणांवर यायची. अखेर एकच फोन चपखल बसला. नेमका तो इंटरकॉमचा होता, एका खोलीतून दुसऱ्या खोलीत बोलायचा.

"आजी, ह्याच्यावरून बाहेर फोन लागत नाही."

"न लागंना. आमास्नी कुणाला लावायचाय? आला तर घेऊ."

"बाहेरून येतही नाही."

आजींनी मोराची मान सरळ केली आणि मुलाकडे वळून म्हणाल्या, "मग बिल बी यायचं न्हाई. घे."

तात्या स्टुलावरून कौतुकाने बघत होते. मला हळूच म्हणाले, "वहिनी, तसला अजून एक हाय का?"

* * *

वाईहून एक गुरुजी आले. त्यांची पूजा सकाळी तासन्‌तास चालायची, आणि यजमानांचे फोनही नेमके तेव्हाच. सोवळ्यात रिसीव्हर कसा उचलणार? ह्यांनी त्यांना स्पीकरचा फोन दाखवला. बटण दाबलं की रिसीव्हर न उचलता बोलता येतं.

"आणि बटण?" गुरुजींनी विचारलं.

"पळीने दाबा," हे म्हणाले. गुरुजी एकदम खूश झाले. फोन घेऊन वाईला गेले.

महिन्याभरात फोन खोक्यात घालून परत! मी विचारलं, बटण बिघडलं का? तसं काही नव्हतं. पुण्याच्या एका मोठ्या यजमानांचा फोन आला होता. गुरुजींनी पळीने बटण दाबलं आणि आपला भाव राखत म्हणाले, "ह्या आठवड्यात मला अजिबात सवड नाही. अगदीच अडलं असेल तर बघतो कसं जमतंय ते."

आणि स्वयंपाकघरातून गुरुजींच्या सौभाग्यवतींचा आवाज थेट पुण्याला पोचला. "सवड नाही कशी? सकाळपासून तुम्हीच म्हणताय ना, ह्या आठवड्यात एकही बोलावणं नाही म्हणून!"

गुरुजी खोकं पुढे सरकवत मला म्हणाले, "ह्यात घरच्यांचा आवाज गाळायची काही सोय आहे का?"

मी काही बोलायच्या आत मागून आमच्या ह्यांनीच विचारलं, "असती तर मी विकला असता का, गुरुजी?"

त्या दिवशी ह्यांना जेवायला उशिरा वाढलं.

* * *

कोयनानगरच्या वसाहतीतले एक फोरमन होते, पवार म्हणून. त्यांनी छानपैकी क्रीम रंगाचा, बटणांचा फोन घेतला. पण जुना काळा फोन काही केल्या सोडवेना. टेलिफोन ऑफिसला परत द्यायचा नाही म्हणून त्याची रीतसर किंमतही भरली त्यांनी.

पुढे आम्ही धरण बघायला गेलो तेव्हा त्यांच्या घरी चहाला थांबलो. क्रीम फोन टेबलावर, आणि काळा फोन वर फळीवर, देवांच्या तसबिरींशेजारी. वायर कशालाच जोडलेली नाही. ह्यांच्यातला मेकॅनिक अस्वस्थ झाला. "पवार, ह्याला कनेक्शन नाही. मग कशाला ठेवलाय?"

पवारांनी काळा फोन नुसता जरासा हलवला. आतली पितळी घंटी किणकिणली. नव्या फोनात घंटीच नव्हती, नुसती इलेक्ट्रॉनिक पिपाणी.

"जमीन हलायला लागली की घरात सगळ्यांत आधी हाच वाजतो, भांडी पडायच्या आधी," पवार म्हणाले. "बाहेरचे फोन तो घेतो. खालचे हा घेतो."

त्यानंतर आम्ही चहा जरा घाईनेच संपवला.

* * *

तात्यांचा फोन असा ठरला. गिऱ्हाइकाला आवाज ऐकवायला आम्ही काउंटरवर दोन फोन एकमेकांना जोडून ठेवलेले असत. दुपारची वेळ, दुकानात गर्दी नव्हती. मी एक रिसीव्हर तात्यांच्या हातात दिला, दुसरा माझ्या कानाला लावला आणि म्हटलं, "बोला तात्या. बाबूरावांशी नाही, माझ्याशी बोला."

तात्या बोलेनात. अवघडून रिसीव्हर ह्या हातातून त्या हातात घेताना त्यांचा अंगठा काउंटरवरच्या फोनच्या एका बटणावर पडला आणि माझ्या कानात टुंई वाजलं.

"वाजलं?" तात्यांनी विचारलं.

"वाजलं."

तात्यांनी फोनकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग खांद्यावरचा टॉवेल काढून फोनवर टाकला आणि खाली हात घातला. टुंई. टुंई. टुंई.

"किती?"

"तीन," मी म्हटलं.

पण तात्यांचा चेहरा पुन्हा पडला. "भाव कळंल. पर पक्का झाला ह्ये कसं सांगायचं? पंजा कुठनं आणू ह्यात?"

मागे ह्यांचं सोल्डरिंग थांबलं. हे उठून काउंटरशी आले आणि म्हणाले, "तात्या, बटण दाबून धरा. तुम्ही सोडेपर्यंत पलीकडे वाजत राहील."

गिऱ्हाइकाच्या आतलं ह्यांना कळलं असं मी पहिल्यांदाच बघितलं. त्या दिवशी जेवायला वेळेवर वाढलं.

* * *

आता तसाच फोन साताऱ्यात बाबूरावांकडे हवा. माझं माहेर साताऱ्याचं, तेव्हा ते काम माझ्याकडे आलं. मी खोकं घेऊन गेले, भावाने फोन जोडून दिला. बाबूराव खुर्चीत पाय लांब करून बसले होते. मी एवढंच सांगितलं की तात्यांचा फोन येईल.

"मी बोलणार न्हाई," बाबूराव म्हणाले.

"नका बोलू."

फोन वाजला. बाबूरावांनी तो उचलून नुसता कानाला लावला. पलीकडे कुणी काही बोलेना, बाबूरावही बोलेनात. मला वाटलं, संपलं सगळं. एवढ्यात त्यांच्या कानाशी बारीक आवाज सुरू झाला. टुंई. टुंई. थोडं थांबून पुन्हा टुंई.

बाबूरावांची सूनबाई स्वयंपाकघराच्या दारातून विचारत होती, "कुणाचा आहे, मामंजी?"

बाबूराव दुसरा हात पुढे करून म्हणाले, "माझा टॉवेल आण."

* * *

दोन-अडीच वर्षं असाच सौदा झाला. यार्डात लोक हसायचे. तात्या मनावर घ्यायचे नाहीत. बिल यायचं तेव्हा एवढंच म्हणायचे, की गप्प बसायचे सुद्धा पैसे लावतात.

मग एका वर्षी दसऱ्याला यार्ड बंद होतं. मी आपट्याची पानं घेऊन शेजारच्या पेढीवर सोनं द्यायला गेले. तराजूची पूजा झाली होती, फोनलाही झेंडूची माळ घातलेली. गोदामाचं दार उघडं होतं आणि आत एक पोतं शिल्लक नव्हतं, सगळा माल गणपतीच्या आधीच गेला होता. तात्या नवा सदरा घालून एकटेच गादीवर बसले होते.

"तात्या, आज दसरा," मी सोनं पुढे करत म्हटलं. "आज तरी अबोला सोडा. मी लावून देऊ का साताऱ्याला?"

तात्या काही बोलायच्या आत फोन वाजला.

त्यांनी रिसीव्हर उचलून कानाला लावला आणि मानेने दाबून धरला. खोली इतकी शांत होती की मलाही ऐकू आलं. भाव नव्हता, मोजायला काहीच नव्हतं. एकच सूर, लांबलचक, थांबायचं नावच घेईना.

तात्यांनी माळ सावकाश बाजूला केली, खांद्यावरचा टॉवेल फोनवर पसरला आणि खाली हात घातला.

मी पानं हातात धरून उभीच होते. शेवटी न राहवून विचारलं, "तात्या, कसला सौदा?"

"आवं, आज कुठला सौदा? बाजार बंद हाय की," तात्या म्हणाले. सोनं त्यांनी डाव्या हातानेच घेतलं. उजवा काही टॉवेलाखालून बाहेर काढला नाही.