लच्छूचा जुनाच विषाणू

सावली गावचा लच्छू गेडाम आठवडी बाजारांत बांगड्या विकायचा. मोटारसायकलच्या मागे पेट्या बांधायच्या आणि आज मूलचा बाजार, उद्या व्याहाडचा, परवा थेट धानोऱ्याचा. बायकांचा हात हातात घेऊन, त्यांना हसवत हसवत तो बांगडी अशी चढवायचा की दुखलं हे घरी गेल्यावर कळावं. त्याची बायको रिना याला धंदाच म्हणायची, फक्त ‘धंदा’ हा शब्द ती जरा लांबवायची.

चंद्रपूरच्या एका दवाखान्यात पुरुषांमधल्या एचपीव्ही या विषाणूचा अभ्यास चालला होता. बायकांना गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर ज्याच्यामुळे होतो, तोच हा. पुरुषांच्या अंगात तो बरेचदा गुपचूप राहतो. अभ्यासातल्या मयुरी मॅडम सावलीच्या बाजारात माणसं गोळा करायला आल्या, लच्छूकडून हिरव्या बांगड्या भरून घेतल्या आणि बोलता बोलता त्यालाच गोळा करून गेल्या. गिऱ्हाइकाला नाही म्हणायची त्याला सवयच नव्हती.

नाजूक जागेवरून ओला बोळा फिरवला, तेव्हा लच्छू छताकडे बघून गुणगुणत राहिला. तपासणीत विषाणू सापडला.

“घाबरू नका,” मॅडम म्हणाल्या. “हा कितीतरी जणांना कधी ना कधी होतो आणि बहुतेकांचा वर्ष-दोन वर्षांत आपोआप जातो. कधी आला ते सांगता येत नाही. लग्नाआधीचाही असेल.”

लच्छूच्या पोटात काही राहत नसे. घरी येऊन त्याने सगळं सांगून टाकलं. रिनाने दोन दिवस भाजीत मीठ घातलं नाही आणि तिसऱ्या दिवशी म्हणाली, “लग्नाआधी बल्लारशाले राहत होते तवा काय दिवे लावले ते मले सांगू नका. पन आता तो गेला पायजे.”

“जाते व. मॅडमच म्हने.”

वर्षाने पुन्हा तपासलं. गेला नव्हता.

“गेला नाई का, गेला अन् नवा आनला?” रिना कमरेला पदर खोचून उभी राहिली. “कोन्या बाजारातून आनला? धानोऱ्याहून? बांगड्या भरून राह्यले का काय करून राह्यले तुमी?”

पलीकडच्या गल्लीतून तिची आई रुखमाबाई आली आणि मांडी ठोकून बसली. “खरं सांगा, जवाई. आमी कोनाले सांगनार नाई.” संध्याकाळपर्यंत दोन्ही गल्ल्यांना कळलं होतं.

शेवटी लच्छू दोघींना बसमध्ये घालून चंद्रपूरला घेऊन गेला. “मॅडम, यायच्यासमोर सांगा. माह्यी काई हरकत नाई.”

मॅडमनी विचारलं, “कोरोनात व्हेरियंट ऐकले होते ना? याच्यातही तसंच आहे. एकाच घरातली भावंडं, नाकडोळ्यांत थोडा थोडा फरक. दोन्ही वेळचे नमुने आम्ही जपून ठेवलेत. मोठ्या प्रयोगशाळेत त्यांतल्या विषाणूची जनुकं बारकाईने वाचून घेऊ. व्हेरियंट वेगळा निघाला तर बहुधा नवा. तोच निघाला, तर जुनाच ठाण मांडून बसलाय असं समजायचं.”

मग वाट पाहणं आलं. आजार जावा म्हणून लोक हात जोडतात. लच्छू, होता तोच असू दे म्हणून जोडत होता. बाजारात तर त्याने बायकांच्या हाताला हात लावायचं सोडलं. “तूच चढव वो बाई,” म्हणून बांगडी पुढे करायचा. चिक्कार बांगड्या फुटल्या.

बोलावणं आलं तेव्हा तिघंही गेली.

“दोन्ही वेळी तोच व्हेरियंट,” मॅडम म्हणाल्या. “त्यात एका जागी असा बदल आहे, जो आमच्या अभ्यासातल्या दुसऱ्या कुणातच नाही.”

लच्छू असा उडाला की स्टूल आडवं झालं. “तोच हाये! रिना, आपलाच हाये!” तो बाहेर धावला आणि वॉचमनच्या गळ्यात पडला. “माहा विषाणू जुनाच निघाला!”

“अभिनंदन,” वॉचमन दचकून म्हणाला.

मॅडमनी त्याला धरून आत आणलं. “लच्छूभाऊ, हा कोर्टातला पुरावा नाही आणि ही तशी आनंदाची बातमीही नाही. इतका टिकलेला विषाणू पुढे त्रास देऊ शकतो. त्याला घालवायचं औषध नाही. तपासायला येत राहा, गाठ किंवा जखम दिसली तर लगेच या. तो तंबाखूचा खर्रा सोडा. आणि रिनाताई, तुमची तपासणी आजच करून घ्या.”

लच्छू प्रत्येक वाक्याला हो म्हणत होता, पण हसू ओठांत मावत नव्हतं. रिना पदर तोंडात कोंबून बसली होती. तेवढ्यात रुखमाबाई म्हणाली, “इतका इमानदार जंतू मी पाह्यलाच नाई वो!” मग रिनाही फुटली. मॅडमसुद्धा तोंड फिरवून हसल्या.

स्टँडवर लच्छूने जिलेबी घेतली आणि बसमध्ये कंडक्टरपासून मागच्या सीटपर्यंत वाटली. कशाची, असं कुणी विचारलं की तिघंही पुन्हा हसत सुटायची.

पुढे रिनाची तपासणी चांगली आली. मुलगी खुशबू हिला लस द्यायचं त्यांनी मॅडमना विचारून ठरवलं. लच्छूचा खर्रा सुटला, विषाणू मात्र अजून आहे. ठरल्या वेळी लच्छू चंद्रपूरला जाऊन येतो.

रिनाने आपलं चुकलं असं कधी म्हटलं नाही. धानोऱ्याच्या बाजाराच्या दिवशी ती पेट्यांना टेकून गाडीवर बसली. “लक्ष ठेवाले येतो,” म्हणाली. दुपारपर्यंत तिच्याभोवती बायकांचा घोळका जमला, ती हातात हात घेऊन खिदळत बांगड्या चढवू लागली, आणि लच्छूला तिने सावलीसाठी मागे छत्री धरून उभं केलं.