परक्याला घरात घ्यायचं म्हणजे नक्की काय करायचं?

रापण ओढली की मासळीबरोबर शेवाळ, चप्पल, प्लास्टिकच्या पिशव्या असं नको ते बरंच येतं. आमच्या चर्चच्या समितीचं तसंच आहे. मीटिंग असते छपराच्या गळतीची आणि हाती लागतात किस्से! तारकर्लीच्या अलीकडे आमचं छोटंसं चर्च. समितीत फादर, होमस्टेवाले रॉबर्टबाब, नातालीन आंटी आणि मी, रिटायर्ड मास्तर. गेलं दीडेक वर्ष आम्ही चौघं एकाच गोष्टीवर गोंधळलेले आहोत.

*

सुरुवात फादरांच्या प्रवचनाने झाली. "दारात आलेल्या परक्याला घरात घ्या, तो ख्रिस्तच समजा," फादर म्हणाले. रॉबर्टबाबनी ते फारच मनावर घेतलं.

दुसऱ्याच दिवशी त्यांच्या दारात एक गोरं जोडपं उभं. बुकिंग नाही, बॅगा भिजलेल्या. रॉबर्टबाबनी त्यांना फुकट खोली दिली, वर सुरमई तळून घातली.

चौथ्या दिवशी हवालदार हजर. "परदेशी पाहुणा उतरला की चोवीस तासांत आम्हाला कळवायचं असतं. फॉर्म भरलात?"

रॉबर्टबाब हादरलेच. "फॉर्माचा फादरांनी कायच सांगूक नाय!"

*

पुढच्या रविवारी फादरांनी प्रवचनात सुधारणा केली. "परक्याला घरात घ्या," ते म्हणाले, मग जरा थांबून, "आणि पासपोर्टची झेरॉक्सपण घ्या."

लोकांनी सवयीने "आमेन" म्हटलं!

*

मग आला धनबहादूर. नेपाळचा. मालवणात एका ट्रॉलरवर खलाशी. बायको मायाला घेऊन नातालीन आंटीच्या मागच्या खोलीत भाड्याने राहायला लागला. आठ-दहा महिने सगळं छान. मग कुणीतरी आंटीच्या कानात सोडलं, "नेपाळी कसले, बांगलादेशी असतील! पोलीस आधी तुलाच धरतील."

आंटी तडक खोलीवर. "तुजो व्हिसा दाखय!"

"आंटी, नेपालवालों को व्हिसा नहीं लगता," धनबहादूर म्हणाला.

आंटीला ते काही पटेना. प्रकरण समितीत आलं. मी समजावलं, दोन देशांचा करार आहे, ते इकडे येऊन राहू शकतात, काम करू शकतात, आपणही तिकडे जाऊ शकतो.

आंटी म्हणाली, "मगे आमचो दुबयवांगडा असो करार कित्याक नाय?"

मी छत्तीस वर्षं शिकवलं. दुबईशी असा करार का नाही, हे एकाही पोराने कधी विचारलं नव्हतं.

आंटी दुबईचं का विचारत होती, ते आम्हाला ठाऊक होतं. तिचा मुलगा सावियो तिकडे. त्याची कंपनी बंद पडली, व्हिसा संपला आणि तो मित्रांच्या खोलीत लपून राहतो. हे ती फादरांशिवाय कुणालाच सांगत नाही, आणि गावात सगळ्यांना माहीत आहे.

*

तरी आंटीचं ठरलेलं. महिनाअखेर खोली खाली!

रॉबर्टबाब चिडले. "आंटी, राजाच्या भयान मरिया आनी जुजे बाळ ख्रिस्ताक घेवन इजिप्तात पळाले. त्येंच्याकडे खंय पासपोर्ट होतो?"

आम्हाला वाटलं, आता आंटी निरुत्तर. फादरसुद्धा कौतुकाने बघायला लागले.

"पन राजा मेल्यार ते परत इले मां!" आंटी म्हणाली. "हे कधी जातले?"

रॉबर्टबाबनी फादरांकडे पाहिलं. फादरांनी चहाच्या कपात पाहिलं.

*

शेवटी ठरलं, मास्तरांनी धनबहादूरला पोलीस स्टेशनवर न्यावं आणि काय ते कायद्याने विचारून यावं. गेलो. साहेबांनी त्याचं नेपाळचं नागरिकत्वाचं कार्ड उलटसुलट पाहिलं.

"ठीक आहे. राहू दे. तुम्ही कोण?"

"मी इथलाच. ओळख द्यायला आलोय."

"मग तुमचं आधार दाखवा."

खिसे चाचपले. आधार घरी! "अहो, माझ्या सात पिढ्या इथे..." मी सुरू केलं. साहेब नवीन होते, नागपूरकडचे. "ते बरोबर आहे, पण मी तुम्हाला कसं ओळखणार?"

तेव्हा धनबहादूर एक पाऊल पुढे आला आणि अदबीने म्हणाला, "साहब, मैं पहचानता हूँ इनको. अच्छे आदमी हैं."

साहेबांनी आम्हाला दोघांनाही जाऊ दिलं!

*

साहेबांचं 'राहू दे' आंटीला सांगितलं. ती म्हणाली, "साहेब काय, आज आसा, उद्या बदलून जातलो." महिनाअखेर जवळ आली. आता जे सांगतो, त्यानंतर मात्र खोलीचा विषय समितीत पुन्हा निघालेला नाही.

माया ख्रिस्ती नाही. तरी दर रविवारी येऊन शेवटच्या बाकावर बसायची. का, ते कुणी विचारलं नव्हतं. महिनाअखेरच्या रविवारी आंटीला उशीर झाला, म्हणून ती मायाच्या शेजारी बसली. मी त्यांच्या पुढच्या बाकावर.

आंटीने फादरांना आधी सांगून ठेवलं होतं, सावियोचं नाव घेऊ नका, पण त्याच्यासाठी प्रार्थना करा. फादर म्हणाले, "आपलं घर सोडून परमुलखात राहणाऱ्यांसाठी प्रार्थना करूया. तिथल्या लोकांनी त्यांना थारा द्यावा."

मागे आंटीचा हुंदका ऐकू आला. मग दुसरा हुंदका, तो आंटीचा नव्हता.

"तू कित्याक रडतंस गो?" आंटी कुजबुजली. "तुजा कोण आसा परमुलखात?"

माया वर्षभरात मालवणी शिकली होती.

"मीच आसंय मां, आंटी."