दाट आंबील

रात्री ताकात भिजवून आंबवलेलं ज्वारीचं पीठ सकाळी शिजवलं, निवू दिलं. मग त्यात गार ताक, ठेचलेला लसूण आणि जिरं घातलं. डाव उचलून पाहिलं, तर आंबील जाड धारेनं सावकाश पडली. लहानपणी मला हवी असायची तश्शी.

आमच्या घरी ती दाट राहायचीच नाही. उन्हातून कुणी दारात आलं, की आई म्हणायची, "बसा, आंबील घ्या," आणि आत येऊन पातेल्यात तांब्याभर ताक ओतायची. बोहारीण, पोस्टमन, घर चुकलेला शेजाऱ्यांचा पाहुणासुद्धा प्यायल्याशिवाय जायचा नाही. ऊन जितकं कडक, तितकी आंबिलीची धार बारीक. माझ्या वाट्याला यायचं ते नुसतं पाणी. मी कुरकुरले, की आई म्हणायची, "अगं, पातळ झाली म्हणजे माणसं आली."

आज दुपारी बेल वाजली. मी ताकाचा तांब्या हातात घेऊनच दार उघडलं. पार्सलवाला पुडकं ठेवून जिना उतरूनही गेला होता.

संध्याकाळपर्यंत आंबील दाटच राहिली.