नाही म्हणणाऱ्याचं नाव

वानखडे मॅडम कोणतंही सरकारी धोरण शेवटच्या पानापासून वाचायच्या. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, बाईंनी बाड चुकून उलटं धरलंय. मी आमच्या अंधेरीच्या कार्यालयात तेव्हा नवीन होते. विज्ञान-संशोधनात देशाने काय करावं याचे मसुदे ज्या समित्या लिहितात, त्यांना माहिती पुरवणं हे आमचं काम. कुठल्याशा थंड देशाचं संशोधन धोरण त्यांच्यापुढे होतं आणि त्या मागून पुढे येत होत्या. मला गप्प बसवत नाही, मी विचारलंच.

"पहिल्या पानावर काय असते?" मॅडम म्हणाल्या. "देश पुढं जाणार. पहिल्या पानावर सगळेच देश पुढं जातात, पोरी. मागं बघ. कोणी काय करायचं आणि नाही केलं तर त्याचं काय करायचं, ते मागं असते. तिथं काहीच नसलं तर ते धोरण नाही, अभिनंदनाचं कार्ड आहे."

मूळच्या वाशीमकडच्या. धातुशास्त्रात डॉक्टरेट, राहायला मुलुंडला, लग्न केलं नाही, आणि केलं नाही याबद्दल कोणी विचारलं तर "काहून, तुम्हाला पत्रिका पाहिजे होती का?" असं विचारायच्या. डब्यात भाकरी आणि ठेचा. तो ठेचा मी एकदा मागून घेतला, परत मागितला नाही. दुपारी जेवता जेवता त्या देशोदेशीची धोरणं वाचायच्या. एका देशाने संशोधकांना पैसे दिले पण ते कशासाठी वापरायचे हे सांगितलंच नाही, दुसऱ्याने एवढं सांगितलं की संशोधक पळाले, हे सगळं शेजारच्या घरातल्या भानगडी सांगाव्यात तसं रंगवून सांगायच्या.

मला राग आला की मी तिथल्या तिथे बोलते; आमच्या बोरीवलीच्या सोसायटीत सेक्रेटरीपासून दूधवाल्यापर्यंत सगळे ते जाणून आहेत. मॅडमचा राग वेगळा. तो लोणच्यासारखा मुरायचा. त्या रागाचं कारण एकच होतं आणि ते सुटाबुटात यायचं. आम्ही त्याला दूरदृष्टीसाहेब म्हणायचो, कारण त्याचं प्रत्येक भाषण त्याच शब्दाने सुरू व्हायचं. खरं नाव लिहून मी त्याला आणखी मोठा करणार नाही.

झालं असं. तेव्हाच्या मसुद्यासाठी मॅडमकडे प्रयोगशाळांचं प्रकरण होतं. त्यासाठी त्या मरोळच्या औद्योगिक वसाहतीत गाळा न् गाळा फिरल्या. मला बरोबर नेत. तिथे परब भेटले. मालवणकडचे, वडील गिरणीत होते, यांचं स्वतःचं छोटं वर्कशॉप. त्यांनी पायाने चालवायचा एक पंप केला होता. नुकत्याच जन्मलेल्या बाळाच्या घशातला चिकटा ओढून काढायचा, वीज नसली तरी चालेल असा. पण तपासणीच्या अहवालाशिवाय कुठलंही रुग्णालय तो हातात घेईना, आणि तपासायचं यंत्र होतं समोरच्याच सरकारी प्रयोगशाळेत, बहुतेक वेळ कापडाखाली झाकलेलं. परब गेटवर गेले. वॉचमन म्हणाला, साहेब नाही बोलले. कोणते साहेब? साहेब.

"गे बाय, आमका भितर कोण घेतलो?" परब मला म्हणाले. "नाय म्हणूक पण कोण भायर येना नाय."

मॅडमनी हे ऐकलं आणि परतताना रिक्षात एवढंच म्हणाल्या, "नाही म्हणणाऱ्याला नाव पाहिजे." तेच त्यांनी मसुद्यात घातलं. सरकारी पैशातून घेतलेलं यंत्र बाहेरच्या छोट्या उद्योजकालाही वापरायला द्यायचं. नाकारायचं असेल तर संस्थेच्या प्रमुखाने स्वतः, आपल्या नावाने, कारण देऊन नाकारायचं. आणि पटण्यासारखं कारण नसताना नाकारलं, तर त्या संस्थेला पुढचं अनुदान नाही.

दूरदृष्टीसाहेब त्या समितीचे अध्यक्ष आणि मरोळच्या त्याच प्रयोगशाळेचेही प्रमुख. त्यांनी शेवटच्या बैठकीत ही अट काढून टाकली आणि 'प्रयोगशाळांची दारं समाजाला खुली व्हावीत' हे गोड वाक्य तेवढं ठेवलं. मॅडमनी कारण विचारलं. ते हसून म्हणाले, "वानखडेबाई, तुमच्यासारख्यांना समितीत घेतलंय, हेच पुष्कळ नाही का?"

तुमच्यासारख्या म्हणजे कोण, हे त्या खोलीत प्रत्येकाला कळलं. मी उठणार तेवढ्यात मॅडमनी टेबलाखाली माझा हात दाबला. बाहेर आल्यावर मी म्हटलं, मॅडम, मी त्याची वाट लावली असती. "तू बोलली असती अन् त्याला लागलं नसतं," त्या म्हणाल्या. "याला मी धोरणातच धरतो. बघ तू." त्या चिडल्या की वऱ्हाडातल्या बायकांसारख्या 'मी करतो' म्हणायच्या. परबांनी पंप माळ्यावर टाकला आणि खिडक्यांच्या ग्रिलची कामं घ्यायला लागले.

मग वर्षं गेली. सरकारं आली, गेली, नवीन धोरणाचं वारं आलं आणि या खेपेला प्रयोगशाळांचं प्रकरण लिहिणाऱ्या गटाच्या प्रमुख वानखडे मॅडम होत्या. दूरदृष्टीसाहेब निवृत्त होऊन अंधेरीतच एका संस्थेचे संचालक झाले होते. इमारतीपासून परबांना हवं होतं तसल्या यंत्रापर्यंत सगळं सरकारी अनुदानावर. नव्या धोरणात आपल्या संस्थेचं नाव आदर्श म्हणून यावं, म्हणून ते पेढे घेऊन आमच्याकडे आले.

"बाई, जुनं काही मनात नाही ना?"

"मनात कशाला ठेवू, साहेब? मी मसुद्यात ठेवते." साहेब खळखळून हसले. मॅडमनी पेढा खाल्ला नाही, पण बॉक्स ठेवून घेतला.

मसुद्याच्या पुढच्या भागात साहेबांच्या संस्थेचं भरपूर कौतुक आलं. शेवटच्या पानावर तीच जुनी अट आली. लपवाछपवी काही नव्हती. मसुदा महिनाभर सगळ्यांसाठी खुला होता. मग अंधेरीत सल्लामसलतीची बैठक झाली. अशा बैठकीत सर्वांत ज्येष्ठ माणूस पहिला बोलतो आणि तो जे म्हणाला त्याच्याविरुद्ध बाकीचे सहसा जात नाहीत. मॅडमनी पहिलं भाषण साहेबांना दिलं. ते मंचावर जायच्या आधी त्यांनी मुद्दाम विचारलं, मी शेजारीच उभी होते.

"साहेब, मागची पानं बघितली ना?"

"मागे तपशील असतो हो. तो तुमच्यासारख्यांनी बघायचा."

आणि माईकवर जाऊन साहेबांनी दूरदृष्टीपासून सुरुवात करून मसुद्याच्या शब्दाशब्दाला पाठिंबा जाहीर केला. दोन-तीन प्रयोगशाळांचे प्रमुख मागचं पान वाचून तयारीने आले होते. हरकतीचे कागद त्यांनी हळूच घडी करून खिशात घातले. मॅडमनी पाठिंबा इतिवृत्तात नोंदवला. त्यांचा चेहरा नेहमीसारखाच होता, पण परतताना त्या गुणगुणत होत्या. त्यांना सूर नव्हता, तरी मला फार गोड वाटलं.

धोरण मंजूर झालं तेव्हा मॅडम आजारी पडून मुलुंडच्या रुग्णालयात होत्या. मी मोबाईलवर ते उघडून दिलं. बोटाने सरकवत सरकवत त्या थेट शेवटच्या पानावर गेल्या. वाचलं. अट जशीच्या तशी होती. "परबांना सांग, पंप पुसून ठेवा," म्हणाल्या. मी म्हटलं, मॅडम, साहेबाला माफ केलंत की नाही शेवटी? "माफ करायला त्यानं मागितली कवा?" एवढं बोलून त्या कुशीवर वळल्या. दोन दिवसांनी गेल्या. मला त्यांच्याशी अजून कितीतरी भांडायचं होतं.

पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला बुद्धविहाराचा हॉल भरला होता. त्रिशरण-पंचशील झालं, मग आदरांजली. साहेबही आले होते, बोलायला उठले आणि मॅडमच्या फोटोसमोर त्यांच्या दूरदृष्टीबद्दल बोलले. मी मागे बसून दात आवळले. परब शेवटच्या रांगेत होते, धुतलेला शर्ट, पायाशी पिशवी. पिशवीत पंप होता. फोटोपुढे एकदा ठेवतो म्हणून आणला होता बिचाऱ्यांनी.

चहाच्या वेळी मी परबांना हाताला धरून साहेबांपुढे नेलं. "साहेब, हे परब. उद्या तुमच्या संस्थेत हा पंप तपासायला येतायत."

"गेटवर चौकशी करायला सांगा. बघू."

"गेटवर नाही. आता नाही म्हणायचं तर तुम्हीच म्हणायचं, आपल्या नावाने, कारण देऊन. आणि कारण पटलं नाही तर पुढचं अनुदान नाही."

"हे कोणी ठरवलं?"

"तुम्ही. शब्दाशब्दाला पाठिंबा दिलात."

साहेबांचा कप बशीवर वाजला. "असं कुठे आहे त्यात?"

"शेवटच्या पानावर. ते आमच्यासारख्यांनी बघायचं असतं."

आजूबाजूच्या बायका चहाचे कप घेऊन जवळ सरकल्या होत्या. मला त्या क्षणी इतकं बरं वाटलं की मॅडम नाहीत हे मी विसरले. साहेबांनी एकदा फोटोकडे पाहिलं, एकदा दाराकडे. परबांना यातलं काहीच कळलं नव्हतं. त्यांनी पिशवी छातीशी धरून साहेबांनाच विचारलं, "मग सकाळी किती वाजता येव?"

साहेबांनी कप खाली ठेवला.

"दहाला या," ते म्हणाले.