थर्मोस्टॅटची बाजू घेणारे काका

जगात थंड ठेवता येणार नाही अशी एकही वस्तू नाही, असं मानणारा एकच माणूस मी पाहिला. आमच्या रोडपालीच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहणारे काका. मूळचे उरणकडच्या कोळीवाड्यातले. उभी हयात गेली जासईच्या यार्डात, परदेशी निघालेल्या कोलंबीचे थंडगार कंटेनर सांभाळण्यात. त्या कोलंबीची त्यांनी घेतली तेवढी काळजी तिच्या सख्ख्या आईनेही घेतली नसेल. आता रिटायर झाले, पण हात स्वस्थ बसत नाहीत. लग्नाला गेले की अक्षता टाकण्याआधी आइस्क्रीमच्या पेटीत हात घालून येतात. कुणी पाणी दिलं, तर पिण्याआधी त्या घरच्या फ्रिजच्या दाराचं रबर चाचपतात. यंत्र बंद पडलं, तर पाना काढण्याआधी विचारपूस करतात, "काय गो बाय, काय झाला तुला?" आणि उत्तर मिळेपर्यंत चहा पितात.

गेल्या मे महिन्यात ऑपरेशननंतर आईला दुपारी घरी आणायचं होतं. टाक्यांना घाम लागू देऊ नका, असं डॉक्टरांनी बजावलेलं. आणि नेमका सकाळीच छतात बसवलेला एसी रुसला. भिंतीवरच्या थर्मोस्टॅटवर चोवीसचा आकडा दिमाखात झळकत होता आणि खोलीत आमचं भरीत होत होतं. मी सगळी बटणं दाबली, सेल बदलले, शेवटी त्याला दोन चापट्या मारल्या. तेवढ्यात काका आले. त्यांचा चेहराच उतरला.

"त्याला कशाला मारता? तो निस्ता निरोप्या हाय. फुडं कोन ऐकत नाय, त्यात त्याचा काय गुना?"

मग चहा झाला. माझा जीव घड्याळात. काका छताकडे बघत, पाइपाचा माग काढत गॅलरीत गेले आणि तिथे माझी करामत सापडली. आमच्याकडे पाण्याची मारामार, म्हणून एसीचं पाणी झाडांसाठी धरायला मी नळी एका कॅनमध्ये सोडली होती. डास होऊ नयेत म्हणून तोंडात फडकं कोंबून वर चिकटपट्टीही मारली होती. कॅन भरला, पाणी उलटं वर तुंबलं, आणि तुंबलं की एसी आपणहून बंद करणारी जी कळ असते, तिने इमानेइतबारे आपलं काम केलं होतं. काकांनी फडकं उपसलं.

"बचत बरी हाय, पन नलीला श्वास घ्यायला तरी जागा ठेवा."

पाणी उतरलं आणि थोड्या वेळाने वर घरघर सुरू झाली. आई आली, गार खोलीत टेकली आणि लगेच झोपली. काका मात्र निघेनात. हवेच्या झरोक्याखाली तळहात धरून तसेच उभे. तुमच्याकडे कुठला एसी आहे, मी सहज विचारलं.

"नाय लावला. हिला उकाडा सोसायचा नाय. बोललेलो, रिटायर झालो का लावू. झालो रिटायर. पन ती तवर थांबली नाय."

त्यांच्या पत्नी आम्ही इथे येण्याआधीच गेल्या होत्या. मला फार वाईट वाटलं. मी खुर्ची पुढे केली. ते बसले आणि ऊन उतरेपर्यंत बसून राहिले.

हल्ली कडक दुपारी, एसी कुरकुरतोय म्हणून मी त्यांना बोलावतो. एसी ठणठणीत असतो. काकांनाही ते ठाऊक असतं. ते येतात, आणि बसतात.